आहाराच्या पाण्याची विहीर

चांदूर रेल्वे येथील बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत एका धान्य अडत्याचा जुना वाडा आहे आणि वाड्याच्या चौकात दगडी बांधणीची एक विहीर आहे. घरात नळ आल्यापासून त्या विहिरीचे पाणी एकट्या आजींनाच लागत असे. त्यांचे माहेर कारंजा लाडचे. शोधाच्या स्वयंपाकाचे संस्कार तेथूनच आलेले. सूर्योदयानंतर त्या दोन कळशा पाणी ओढीत, दुहेरी जाड गाळण्यातून ते गाळीत आणि गाळण्यावर राहिलेले सूक्ष्म जीव गाळलेल्याच पाण्याने हलके धुऊन ती जिवाणी पुन्हा त्याच विहिरीत सोडीत. जिवाणी वरून फेकायची नाही, असा दंडक आहे. म्हणून बुडाला कडी असलेली एक लहान बादली त्यांनी जपून ठेवली होती. ती पाण्याच्या पातळीपर्यंत अलगद उतरते आणि तेथेच उलटी होते.

गाळलेल्या पाण्याची मर्यादा एका अंतर्मुहूर्ताची, म्हणजे ४८ मिनिटांच्या आतली. त्यानंतर ते पुन्हा गाळावे लागते. उकळलेल्या पाण्याची मर्यादा २४ तासांची. मर्यादा संपल्यावर पाणी टाकावे लागू नये म्हणून आजी लागेल तेवढेच उकळीत. नातवंडांना हा सारा खटाटोप वाटे.

चिरंजीवांना मात्र ती विहीर अडचणीची वाटू लागली होती. तूर आणि हरभऱ्याच्या हंगामात माल ठेवायला जागा पुरत नसे. बाहेर गोदाम घ्यावे तर भाडे द्यावे लागे आणि हमालीही दुप्पट पडे. चौक मोकळा झाला तर आणखी तीनशे पोती आतच राहतील, असा त्यांचा हिशेब होता. विहीर मुरूम टाकून बुजवायची आणि वर फरशी घालायची, असे मिस्त्रीशी ठरलेही होते.

आजींनी एकच प्रश्न विचारला, “उद्या संघ आला तर आहाराला पाणी कुठून आणायचे?”

प्रश्न अवास्तव नव्हता. मुनींच्या आहारासाठी विहिरीचेच पाणी लागते. भातकुली, शिरपूर, मुक्तागिरी या क्षेत्रांकडे संघांचा विहार सुरू असतो आणि एखादा संघ चांदूरकडेही वळतो. चिरंजीव म्हणाले, “आई, वर्षातून एखाद्या वेळचे पाणी कुठूनही आणता येईल. त्यासाठी बारा महिने जागा अडवून कशी चालेल?” आजी पुढे काही बोलल्या नाहीत. एवढे मात्र म्हणाल्या, की अक्षय्य तृतीया होऊ द्यावी. भगवान आदिनाथांच्या पहिल्या आहाराच्या दिवसापूर्वी आहाराची विहीर बुजवू नये. तेवढे चिरंजीवांनी मान्य केले.

अक्षय्य तृतीयेला चारच दिवस उरले असताना गावाबाहेर मुख्य जलवाहिनी फुटली. दोन दिवस नळ येणार नाहीत, पाणी जपून वापरावे, अशी दवंडी ऑटोरिक्षावरील भोंग्यातून फिरली.

जिल्ह्याला हा अनुभव नवा नाही. अमरावती आणि बडनेरा या शहरांना मोर्शी तालुक्यातील सिंभोरा येथील ऊर्ध्व वर्धा धरणातून पन्नास किलोमीटरांहून लांब जलवाहिनीने पाणी येते. ती वाहिनी फुटली की साऱ्या शहराचे नळ कोरडे पडतात. वऱ्हाडची भारी काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्या या हालचालीने जमिनीत पुरलेल्या नळांचे सांधे सैल होतात. त्यात अचानक वीज गेली की पंप थांबतात, पाण्याचा लोंढा मागे उलटतो आणि त्या धक्क्याने जुना नळ दुबळ्या जागी फुटतो. फुटलेला तुकडा बदलणे हे कामाचे एकच अंग आहे. आधी झडपा बंद करून मैलोगणती वाहिनी रिकामी करावी लागते. खड्ड्यात साचलेले पाणी उपसावे लागते. जोड पक्का झाल्यावर आत कोंडलेली हवा बाहेर काढीत वाहिनी सावकाश भरावी लागते. घाई केली तर दुसरीकडे फुटते. म्हणून एका दिवसाच्या दुरुस्तीनंतर शेवटच्या गल्लीत पाणी पोहोचायला आणखी दोन दिवस जातात. चांदुरात तर पहिला जोड बसताच थोड्या अंतरावर दुसरा निखळला आणि दोन दिवसांचे आठ दिवस झाले.

दवंडी ऐकताच चिरंजीवांनी विहिरीत मोटर सोडली आणि गच्चीवरच्या दोन्ही टाक्या काठोकाठ भरून घेतल्या. घरात सात माणसे, उन्हाळा कडक. कोणत्याही कर्त्या पुरुषाने हेच केले असते. दुपारी गल्लीतील बायका गुंड आणि बादल्या घेऊन दारात आल्या. पहिलीने दोर सोडला, तेव्हा बादलीत पाण्याऐवजी गाळ आला. काळ्या पाषाणाच्या भेगांतून झिरपणारी ती विहीर. रात्रभर विसावा मिळाला तरच सकाळी भरणारी. मोटरने ती तासाभरात उपसून टाकली होती.

बायका काही बोलल्या नाहीत. त्यांतील एक दुकानातल्याच हमालाची बायको होती. ती रिकामी गुंड कडेवर घेऊन परत वळली, तेव्हा आजींनी तिला थांबविले आणि चिरंजीवांना सांगितले, “वरच्या टाकीचा नळ चौकात काढून दे.”

“आई, मग घराचे काय?”

“हेही घरच आहे.”

चिरंजीव काही क्षण तसेच उभे राहिले. व्यापारात साठा कधी बाहेर काढायचा आणि कधी दाबून ठेवायचा, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नव्हते. परंतु त्या दिवशी साठ्यासमोर ग्राहक नव्हते, शेजारी होते. आणि तो साठाही विकत आणलेला नव्हता, त्याच विहिरीतून इतरांच्या आधी उपसलेला होता. त्यांनी टाकीला रबरी नळी लावून ती चौकात सोडली. संध्याकाळी मोटर विहिरीतून बाहेर काढली गेली.

दुसऱ्या दिवसापासून रहाटावर नवा दोर चढला. चौदा घरे, प्रत्येक घराला सकाळी ठरलेल्या बादल्या. दुपारनंतर विहिरीला विसावा. विहिरीच्या काठावर कपडे वा भांडी धुवायची नाहीत, एवढीच आजींची अट होती. गाळण्याचा आग्रह त्यांनी कोणावर धरला नाही. तरी तिसऱ्या दिवशी काही बायकांनी आपणहून गाळणे मागून घेतले.

वाड्याच्या वाट्याला १५ लिटरच्या २० बादल्या आल्या. चिरंजीवांनी सवयीने त्यांची नोंद रोजकीर्दीच्या मागच्या पानावर सुरू केली. नळयोजना आखताना शहरासाठी माणशी दररोज १३५ लिटर पाणी धरतात. त्या मापाने सात माणसांचे ९४५ लिटर होतात. आता घर ३०० लिटरांत, म्हणजे माणशी सुमारे ४३ लिटरांत चालले होते. ग्रामीण घरांसाठी जलजीवन मिशनने ठरविलेल्या ५५ लिटरांपेक्षाही हे कमी होते. तरीही कोणी उपाशी राहिले नाही, कोणी अस्वच्छ राहिले नाही. मग उरलेले पाणी रोज कोठे जात होते, याचा शोध त्यांनी घेतला. शुद्धीकरणाचे यंत्र एक लिटर पाणी देताना दोन-तीन लिटर मोरीत सोडत होते. न्हाणीघरातील तोटी सेकंदाला एक थेंब गाळत होती; म्हणजे दिवसाला चार लिटरांहून अधिक. दुकानापुढच्या धुळीवर सकाळ-संध्याकाळ पाणी मारले जाई, ते वेगळेच.

आजींना यात नवल वाटले नाही. श्रावकाच्या व्रतांत अनर्थदंडाचा त्याग सांगितला आहे. प्रयोजनासाठी होणारी हिंसा गृहस्थाला पूर्णपणे टळत नाही. पण विनाकारण माती खणणे, विनाकारण पाणी सांडणे ही प्रमादचर्या आहे आणि ती टाळणे प्रत्येकाच्या हातात आहे. पाणी हे स्वतःच अप्कायिक जीवांचे शरीर आहे, असे मानणाऱ्या घरात गळकी तोटी ही केवळ प्लंबरची बाब राहत नाही. नळ बंद असताना पाणी सर्वांचेच वाचते. तो नियम नव्हे, नाइलाज आहे. नळ सुरू झाल्यावर हात आवरला तर तो नियम ठरतो.

आठव्या रात्री नळ आले. पहाटे गल्लीत एकच गडबड उडाली. पिंपे, टाक्या, घागरी यांत साठवलेले पाणी ‘शिळे’ म्हणून लोक गटारात ओतू लागले, कारण ताजे पाणी भरायला भांडी हवी होती. आठवडाभर थेंब मोजणाऱ्या गल्लीची गटारे तासाभरात वाहू लागली. वाड्यातील उरलेले पाणी चिरंजीवांनी ओतू दिले नाही. त्यातून चौक पुसला गेला, उरलेले दारच्या कडुनिंबाला गेले. नळाचे पहिले गढूळ पाणीही बादलीत धरून संडासासाठी ठेवले गेले.

अक्षय्य तृतीया तोवर होऊन गेली होती. ठरल्याप्रमाणे मिस्त्री मुरुमाचा भाव सांगायला आला. चिरंजीवांनी त्याच्याकडून विहिरीचा कठडा दुरुस्त करून घेतला आणि गोदामासाठी मागच्या पडवीवर पत्रे टाकायला सांगितले. तेथे शंभरच पोती मावतात. उरलेल्या दोनशे पोत्यांचे भाडे त्यांना दर हंगामात भरावे लागते आणि त्याची आठवण ते अधूनमधून आजींना करून देतात.

आजींचे हात आता थकले आहेत. दोन कळशा चिरंजीव ओढून देतात. जिवाणीची बादली मात्र अजून आजीच सोडतात. कडी केव्हा झटकायची, ते चिरंजीवांना अद्याप नीट जमलेले नाही.