मोबाइलवर न दिसलेला रकाना

चाळिशीनंतर डोळ्यातील भिंगाची लवचिकता कमी होते आणि जवळचे बारीक अक्षर धूसर दिसते. म्हणून माझे बरेच रुग्ण मोबाइलवर अक्षर मोठे करून वाचतात. पण पान केवळ संगणकाच्या रुंद पडद्यासाठी बनवलेले असेल, तर उजवीकडचा मजकूर पडद्याबाहेर जातो.

संधिवाताच्या एका आजींनी मला मोबाइलवर असाच औषधांचा तक्ता दाखवला. मेथोट्रेक्सेटचे नाव दिसत होते, गोळ्यांची संख्याही दिसत होती. 'आठवड्यातून एकदा' हा रकाना मात्र बाहेर गेला होता. "डॉक्टर, ही रोज घ्यायची ना?" असे त्यांनी विचारले, म्हणून बरे. हे औषध चुकून रोज घेतले गेले, तर अस्थिमज्जेवर परिणाम होऊन रक्तपेशी धोकादायकरीत्या कमी होऊ शकतात.

यावर उपाय आहे. ईथन मार्कॉट या डिझायनरने २०१० मध्ये त्याला 'रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन' हे नाव दिले. यात पान पडद्याची रुंदी पाहून मांडणी बदलते. शेजारी असलेले रकाने मोबाइलवर एकाखाली एक येतात. माझ्या दवाखान्याच्या संकेतस्थळावर मी औषधांची माहिती तशीच करून घेतली. 'किती' आणि 'कधी' आता एकाच ओळीत असतात.

तुम्ही एवढे करा: तक्ता दिसला की मोबाइल आडवा धरा, बोटाने उजव्या टोकापर्यंत सरकवून पाहा. गोळी कधी घ्यायची हे दिसले नाही, तर अंदाज करू नका. डॉक्टरांना विचारा.