न वाचलेला पेपर

प्राध्यापकांच्या निवड समित्यांमध्ये मी बरीच वर्षं बसलो. निवृत्त होऊन घोटावड्याला घरी परतलो, तरी त्यातली एक फाइल डोळ्यांसमोरून हलत नाही.

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. चार खाचरं भाताची, दोन म्हशी, आणि पुण्यात ओळखीचं कुणी नाही. पहिल्या मुलाखतीत भौतिकशास्त्राचा एकही प्रश्न आला नाही, "कुणाकडून आलात?" एवढंच विचारलं. ते मी विसरलो नाही. म्हणून विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१० चे नियम आले, एपीआयचे, म्हणजे शैक्षणिक कामगिरीचे, गुण मोजायला सुरुवात झाली, तेव्हा बहुतेक सहकारी कुरकुरत होते आणि मला मात्र मनापासून बरं वाटलं. पेपर किती, सायटेशन किती, एच-इंडेक्स किती. वीस पेपर प्रत्येकी निदान वीस वेळा उद्धृत झाले असतील, तर एच वीस. २००५ मध्ये ही कल्पना मांडणारे होर्हे हर्शही भौतिकशास्त्रज्ञच. आकड्याला मामा-काका नसतो, असं मी ठासून सांगायचो.

ती फाइल एका तरुणाची होती. सापेक्षता सिद्धांतावर काम, थोडेच पेपर, एच-इंडेक्स ५. दुसऱ्या उमेदवाराचं काम नॅनोपदार्थांवर, आणि आकडे कितीतरी पटींनी मोठे. मी पेन्सिलीने दोन रकाने आखले, बेरजा केल्या आणि म्हणालो, "यात चर्चेसारखं काही नाही." त्या मुलाने आपला सर्वांत चांगला पेपर फाइलीला पांढऱ्या दोऱ्याने बांधून दिला होता. त्या दोऱ्याची गाठ मी सोडली नाही.

११ फेब्रुवारी २०१६ ला गुरुत्वीय लहरी सापडल्याची घोषणा झाली. आपल्या पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या संजीव धुरंधरांचं नाव तेव्हा सगळीकडे आलं, म्हणून मी त्यांचा आणि सत्यप्रकाश यांचा १९९१ चा पेपर काढून वाचला. पत्र्यावर आषाढाचा पाऊस कोसळत असताना अंगणातून कुणी हाक मारली, तर आवाज ओळखीचा असेल तरच ती कळते. तसंच, गोंगाटात लहर ओळखायची तर ती कशी दिसेल याचे नमुने आधी तयार हवेत. ते कसे निवडायचे, याचं गणित त्या पेपरात आहे. प्रत्यक्ष लहर यंत्रात उमटली १४ सप्टेंबर २०१५ ला, चोवीस वर्षांनी. १९९१ मध्ये या विषयात काम करणारी माणसं जगातच थोडी होती. मग उद्धृत करणार कोण? प्रल्हाद चुनीलाल वैद्यांचंही तेच. आपल्या कोल्हापूरच्या विष्णू वासुदेव नारळीकरांकडे बनारसला काम करत असताना त्यांनी प्रकाश फेकणाऱ्या ताऱ्याचं गुरुत्वक्षेत्र सोडवलं; १९४३ मध्ये ते 'करंट सायन्स'मध्ये आलं आणि त्याची खरी गरज भासायला १९६० चं दशक उजाडावं लागलं.

मला वाटत होतं, मी कामाची प्रत मोजतोय. मी त्या विषयाची वस्ती मोजत होतो. वस्ती दाट असली की हाकेला ओ देणारेही जास्त. आणि २०१५ मध्ये हिग्ज कणाच्या वस्तुमानावरचा एक पेपर आला, त्याचे लेखक ५,१५४! त्याचं प्रत्येक सायटेशन त्या प्रत्येकाच्या खात्यात. दोन शाखांचे आकडे एका रकान्यात लिहू नयेत, हे हर्श यांच्या मूळ लेखातूनही कळत होतं. तो लेखही मी वाचला नव्हता.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या पावसाळ्यात त्या मुलाचा पेपर मी शोधून काढला. आवणी चालू होती, घरातले सगळे खाचरात, आणि मी पडवीत वही घेऊन. पानं पाच, दिवस चार लागले. ताऱ्याच्या आत दाब सगळ्या दिशांना सारखाच, असं धरून आम्ही गणित मांडतो. वर्गातही मी तसंच शिकवलं. त्याने ते गृहीतक सोडून दिलं होतं, आणि तरी उत्तर हाताने पडताळता येईल इतकं नेटकं आणलं होतं. तिसऱ्या पानावर मी उठून उभा राहिलो.

आकडे फेकून द्या, असं मी आजही म्हणणार नाही. ते गेले की "कुणाकडून आलात?" परत येईल, आणि तो प्रश्न मी सोसलाय. पण आता कुणी समितीवर बोलावलं तर माझी एक अट असते: प्रत्येकाचा एक पेपर आधी वाचायचा, त्यावर चार ओळी स्वतःच्या हाताने लिहायच्या, मगच आकड्यांचा कागद उघडायचा. वेळ नाही म्हणतात. मग एका दिवसात चाळीस उमेदवार बोलावू नका.

तो मुलगा आता हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे, इथून गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर. मी त्याला ईमेल केली. समितीत मी होतो आणि त्याचा पेपर उघडला नव्हता, हे आधी लिहिलं. खाली तिसऱ्या पानावरच्या एका चिन्हाबद्दल शंका विचारली. रात्री उत्तर आलं. शंका माझीच चुकीची होती. कुठे चुकलो ते त्याने सात ओळींत मांडून दाखवलं होतं. समितीबद्दल त्यात एक शब्दही नव्हता.