किती पॅड झाले?

माझ्या फोनमध्ये एक यादी होती, ‘बाळंतिणीची बॅग’ नावाची. नात्यात किंवा ओळखीत कुणाला सातवा महिना लागला की मी ती न मागता पाठवायचे. यादीची पहिली ओळ ठसठशीत होती: हॉस्पिटलचं काही घेऊ नका, सगळं घरून न्या. या ओळीवरून मी बऱ्याच जणींशी वाद घातला आहे, एका नणंदेशी तर अबोलाही धरला होता. म्हणून ती मी खोडली, हे सांगताना जीभ जरा जड होते.

ओळ आली होती पहिल्या बाळंतपणातून. २०१५ साल, माहेरी, कोल्हापूरला. नर्सिंग होमच्या तळमजल्यावरच मेडिकल. वरून चिठ्ठी यायची आणि बाबा जिना उतरायचे. घरी सोडायच्या दिवशी मी पलंगावर बसून बिल वाचलं. पॅडची पाच पाकिटं, फोडलेली दोन. पोटाचा पट्टा, जो पोटाला एकदाही लागला नाही, कारण आई जुन्या सुती साडीची पट्टी फाडून रोज सकाळी स्वतःच्या हातानं आवळून बांधत होती. शिवाय बाळाचं किट, त्यात तेल, पावडर, साबण आणि दुधाची बाटली! इथे दूध आवरेना आणि यांनी बाटली दिलेली. पॅड म्हणजे तरी काय, कापसाला गुंडाळलेली जाळी. चिकटायची सोय नाही, चार पावलं चालले की पुढचा मागे. त्यापेक्षा आज्जीच्या लुगड्याच्या घड्या परवडल्या.

२०१९ मध्ये दुसऱ्या खेपेला मी पुण्यातच राहिले आणि बॅग भरून गेले. जेलवाले लांब नाइट पॅड, वापरून टाकायच्या चड्ड्या, पुढून उघडणारे गाऊन, टाक्यांवर कोमट पाणी सोडायला न्यू जर्सीच्या मावसबहिणीनं पाठवलेली चोचीची बाटली. तिकडे म्हणे सिस्टरच सांगते, खोलीतलं काही मागे ठेवू नकोस. जाळीच्या चड्ड्या आणि पॅड बायका पिशवी भरून घरी नेतात. मला ते ऐकून हसू आलं होतं.

प्रसूती संध्याकाळी झाली. पहिले दोन तास लेबर रूममध्ये त्यांचंच राज्य. खोलीत आल्यावर सिस्टरनं ट्रेमध्ये तेच ओळखीचे पांढरे जाळीचे पॅड आणून ठेवले. मी म्हटलं, “नको, माझे आहेत.” ती म्हणाली, “आजची रात्र हेच लावा ना मॅडम.” मी मान हलवली. मनात म्हटलं, हिचं कमिशन असणार. हे वाक्य मी मनातच म्हटलं होतं, पण खोडायचं म्हटलं तर यादीतल्या ओळीपेक्षा ते आधी खोडायला हवं.

नवरा टापटिपीचा. मी बदललेला प्रत्येक पॅड तो वर्तमानपत्रात गुंडाळून पॅसेजमधल्या डब्यात टाकून यायचा. (रक्ताचा कचरा तिथे पिवळ्या पिशवीत जातो, हेही आम्हाला ठाऊक नव्हतं.) बाराच्या सुमारास मला गरगरायला लागलं. सिस्टर आली, नाडी बघितली, पोटावर हात ठेवून दाबलं. मग विचारलं, “किती पॅड झाले?”

मी नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, “चार. की पाच?”

“पूर्ण भिजलेले होते?”

वरून तर कोरडेच दिसत होते. त्यासाठीच तर मी जास्तीचे पैसे मोजले होते. जेल सगळं आत ओढून घेतं, अंगाला ओल लागू देत नाही आणि डोळ्यांना काही दिसू देत नाही.

“कुठायत?”

डबा मावशींनी रिकामा केला होता.

पुढचा तास मला तुकड्यातुकड्यांनी आठवतो. लख्ख दिवा, सलाइन, इंजेक्शन, धावत आलेल्या डॉक्टरीणबाई, आणि सैल पडलेलं गर्भाशय घट्ट व्हावं म्हणून पोटावर केलेलं ते रगडणं, ज्याच्यापुढे कळा बऱ्या म्हणाव्यात. मग पांढरे पॅड लागले. काढलेला प्रत्येक पॅड सिस्टर ट्रेमध्ये ठेवायची आणि छोट्या काट्यावर तोलायची. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर. कोऱ्या पॅडचं वजन तिला पाठ होतं. माझ्या पॅडचं वजन मलाही माहीत नव्हतं. रक्त चढवायची वेळ आली नाही, एवढंच.

नंतर वाचत गेले तेव्हा बेळगावचा संदर्भ सापडला. तिथल्या डॉक्टरांनी अमेरिकी सहकाऱ्यांबरोबर बाळंतिणीखाली अंथरायची एक साधी प्लॅस्टिकची चादर वापरात आणली. तिला खाली मापाच्या रेघा असलेली पिशवी. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात डोळ्यांनी केलेला अंदाज पिशवीतल्या मापापेक्षा ३३ टक्क्यांनी कमी भरला, आणि तो अंदाज बाळंतपणं करणाऱ्यांचा होता. पुढे २०२३ मध्ये आफ्रिकेतल्या चार देशांतल्या ८० रुग्णालयांचा अभ्यास आला. तशाच मापाच्या चादरीनं रक्तस्राव लवकर ओळखून सगळे उपचार एकदम सुरू केले, तर गंभीर रक्तस्राव आणि त्याचे परिणाम ६० टक्क्यांनी घटले. मी मात्र माझ्या नवऱ्याच्या अंदाजावर विसंबले होते.

म्हणून हॉस्पिटलचं बिल मला गोड लागायला लागलं, असं नाही. न वापरलेल्या तीन पाकिटांचा राग अजून आहे. औषधं कुठून घ्यायची हे ठरवायचा हक्क रुग्णाला आहे, हे राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या २०१८ च्या सनदेत लिहिलेलं आहे. तळमजल्यावरच्या मेडिकलवाल्याला ते ऐकवायला मला आजही आवडेल. आणि ती दुधाची बाटली तर मी मुळीच माफ करणार नाही. पण पहिल्या रात्रीचा पॅड मी चड्डी-गाऊनच्या रांगेत बसवला, ही चूक माझी. तो माझ्या सोयीसाठी नव्हताच. तो सिस्टरला वाचायचा होता.

यादी आता अशी आहे: पहिले चोवीस तास पॅड त्यांचे, सिस्टरला दाखवल्याशिवाय एकही फेकायचा नाही, आणि आकडा नवऱ्यानं कागदावर लिहायचा. घरी गेल्यावर पुढचे चार-सहा आठवडे काय ते तुमचं, जेलवाले लावा नाहीतर लुगड्याच्या धुऊन उन्हात वाळवलेल्या घड्या. पण तासाभरात एक पॅड पूर्ण भिजला तर थांबायचं नाही, उठून दवाखाना गाठायचा. साडीच्या पट्टीचं कलम मात्र मी हलवलेलं नाही, आई वाचते.

परवा ही नवी यादी भाचीला पाठवली. तिचं लगेच उत्तर आलं: “आणि त्यांनी पाच पाकिटं लावली तर, आत्या?”

मी लिहिलं, “तीन सीलबंद ठेव. निघताना परत कर आणि पावती घे.”