गोगलगाईंची शर्यत आणि एक छापखाना

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर जाऊन आलेला मनुष्य परतल्यावर काय सांगतो, ते आता आपल्याला पाठ झाले आहे. नीसचा निळा समुद्र, कानचा चित्रपट महोत्सव, मोंते कार्लोचा जुगार आणि कॉफीच्या एका कपाला पडलेले पैसे! तेव्हा वाचकांनी निर्धास्त असावे. या लेखात समुद्र दुरूनच दिसेल. मी तेथे गेले ती एका शाळामास्तराचे गाव पाहायला.

माझा धाकटा भाऊ सोफिया अँतिपोलिस येथे नोकरीला आहे. नाव एखाद्या ग्रीक देवतेचे वाटते. पण ती १९६९ साली पाइनच्या रानात वसवायला घेतलेली तंत्रज्ञांची वसाहत आहे. गेल्या भाऊबीजेची ओवाळणी म्हणून त्याने विमानाचे तिकीट पाठवले आणि मे महिन्यात, पेपर तपासण्याच्या ढिगाऱ्यातून डोके वर काढून, मी निघाले. तेथे पोचल्यावर बार-सुर-लूला जायचे आहे असे म्हणताच तो म्हणाला, "ताई, लोक इथं येऊन समुद्रावर जातात आणि तू डोंगरातली शाळा बघायला निघालीस! सुट्टीतसुद्धा शाळाच का?"

आता याला काय सांगावे? मास्तरांच्या जातीला दुसऱ्याच्या शाळेत डोकावण्याची खोडच असते.

किनारा मागे टाकून मोटार चढणीला लागली की हवा बदलते आणि देशही बदलल्यासारखा वाटतो. श्रीमंतांचे बंगले विरळ होतात, ऑलिव्हची राखी झाडे आणि दगडी बांधांची शेते सुरू होतात. पुढे लू नदीचे खोल खोरे लागते. फ्रेंच भाषेत 'लू' म्हणजे लांडगा. नदीच्या वर, डोंगराच्या खांद्यावर बसल्यासारखे, बार-सुर-लू हे गाव आहे. घरे दगडी, गल्ल्या अरुंद, मध्ये जुना किल्लेवजा वाडा. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात १७८१ साली इंग्रजांच्या आरमाराला अडवणारा अ‍ॅडमिरल द ग्रास या गावचा, जन्म १७२२. गावाची दुसरी कीर्ती कडू संत्र्यांची. फळ तोंडात घालवत नाही, पण फुलांचे अत्तर होते आणि ग्रासच्या अत्तरवाल्यांनी त्यावर पिढ्यान्‌पिढ्या धंदा केला.

गावच्या चर्चमध्ये पंधराव्या शतकातला एक लाकडी चित्रफलक आहे. वर नाचणारी माणसे आणि त्यांना बाण मारणारा मृत्यू. खाली प्रोव्हाँसाल बोलीतली कविता. एवढ्याशा गावात पाचशे वर्षांपूर्वी कोणी तरी चित्राखाली मजकूर लिहून तो चारचौघांनी वाचावा म्हणून टांगून ठेवला होता. या गावात पुढे जे घडले त्याच्याशी हे शोभून दिसते.

१९२० सालच्या जानेवारीत येथे एक तेवीस वर्षांचा तरुण मास्तर म्हणून रुजू झाला. त्याचे नाव सेलेस्तँ फ्रेने. जन्म याच डोंगराळ मुलखातल्या गार या खेड्यातला. १९१७ साली पहिल्या महायुद्धात त्याच्या छातीत गोळी शिरली आणि फुप्फुस कायमचे अधू झाले. थोडा वेळ बोलले की त्याला धाप लागे. मास्तराचा धंदा आवाजाचा. आम्ही प्राध्यापक मंडळी तर आवाजावरच पोट भरतो. आमचा घसा बसला की विद्या बसते! ज्याला सलग बोलताच येत नाही त्याने शिकवायचे कसे? फ्रेनेने त्याचे उत्तर शोधले ते असे, की आपण कमी बोलावे आणि मुलांना बोलू द्यावे.

तो मुलांना घेऊन गावात हिंडू लागला. विणकराकडे, सुताराकडे, शेतावर, नदीवर. परत आल्यावर पाहिलेले मुलांनी सांगायचे आणि ते फळ्यावर लिहायचे. एकदा मुलांनी वर्गात गोगलगाई आणल्या आणि त्यांची शर्यत लावली. गोगलगाईंची शर्यत! त्या शर्यतीचे वर्णन मुलांनी असे उत्साहाने केले, की धड्यापुढे पेंगणारी पोरे डोळे ताणून बसली. पण फळ्यावरचे लिहिणे हे पुसण्यासाठीच असते. दुसऱ्या दिवशी पुन्हा क्रमिक पुस्तक उघडायचे आणि मुलांनी कधी न पाहिलेल्या गोष्टी घोकायच्या. हे त्याच्या मनाला टोचू लागले.

१९२४ साली त्याने एक लहानसा छापखाना विकत घेतला आणि वर्गात आणून ठेवला. त्या काळचे हे 'वर्गातले तंत्रज्ञान' म्हणायला हरकत नाही. मुले एकेक खिळा उचलून ओळी जुळवू लागली. खिळ्यावरचे अक्षर उलटे असते. ते आरशात पाहिल्यासारखे वाचावे लागते. ओळ पुरी झाली की चौकटीत बसवायची, शाईचा रूळ फिरवायचा, कागद ठेवून दाबायचे. कागद उचलला की आपले वाक्य छापील! पुस्तकातल्यासारखे! ज्यांनी जुन्या छापखान्यात जुळाऱ्याचे काम पाहिले आहे त्यांना या कामातली मौज आणि कटकट दोन्ही कळेल. प्रत्येक अक्षर हाताने उचलायचे म्हटले की मनुष्य शब्द जपून वापरतो. 'निसर्गरम्य' हा शब्द जुळवायला किती खिळे लागतात ते एकदा मोजले, की 'नदी गढूळ होती' एवढेच लिहावेसे वाटते. ते अधिक खरेही असते.

कोणाचा मजकूर छापायचा ते मुलेच मत देऊन ठरवत. मग सर्वांनी मिळून तो सुधारायचा, कारण आता चूक झाली तर ती सगळ्यांना दिसणार. छापलेली पाने बांधून वर्गाचे पुस्तक तयार होई.

पण छापलेले वाचायचे कोणी? येथेच या मास्तराची खरी दृष्टी दिसते. १९२६ साली त्याचा आणि रने दानिएल या मास्तराचा पत्रव्यवहार जमला. दानिएलची शाळा ब्रिटनीत, त्रेगँ गावाजवळ, देशाच्या दुसऱ्या टोकाला अटलांटिक किनाऱ्यावर होती. डोंगरातली मुले आपली पाने तिकडे पाठवू लागली आणि समुद्रावरच्या मुलांची पाने इकडे येऊ लागली. पत्रांबरोबर आपापल्या मुलखातल्या वस्तूंची पार्सलेही. ज्याने संत्र्याचे झाड रोज पाहिले आहे त्याला त्यात लिहिण्यासारखे काही वाटत नाही. पण ज्याने ते कधीच पाहिले नाही असा एक मुलगा दूर बसून वाचणार आहे असे कळले, की झाडाकडे पुन्हा पाहावे लागते. निबंध शिकवायची याहून सोपी युक्ती माझ्या ऐकिवात नाही.

पुढे फ्रेनेने यावर पुस्तक लिहिले, मुलांच्या लेखनाचे मासिक काढले, शिक्षकांची सहकारी संस्था उभारली. १९४९ साली त्याच्या कथेवर एक फ्रेंच बोलपटही निघाला. येथवर कथा गोड आहे. पुढची पाहायला आम्ही सँ-पॉलला गेलो.

सँ-पॉल हे तटबंदीचे गाव आता चित्रकारांचे तीर्थ आहे. मार्क शगालची कबर तेथे आहे आणि दर दुसऱ्या घरात चित्रांचे दुकान. फ्रेनेची १९२८ साली येथे बदली झाली. शाळेची इमारत गलिच्छ, मुलांना साहित्य नाही. त्याने तक्रारी केल्या आणि नगरपालिकेचा रोष ओढवून घेतला. अशात एका मुलाने आपले स्वप्न लिहिले. स्वप्न असे, की शाळेचे साहित्य देत नाही म्हणून सारा वर्ग महापौरावर उलटला आणि त्यात महापौराला मारले. स्वप्नच ते! वर्गाने ते छापले. आणि १९३२ सालच्या डिसेंबरात गावच्या भिंतींवर फ्रेनेविरुद्ध पत्रके झळकली, त्यांत हे पान पुरावा म्हणून. पॅरिसच्या उजव्या वृत्तपत्रांनी ओरड केली. फ्रेने कम्युनिस्ट, त्यामुळे आगीत तेलच पडले. पालकांनी मुले काढून घेतली, शाळेपुढे जमाव जमला आणि १९३३ साली सरकारने त्याला तेथून हलवले.

तटावरून खाली समुद्राची निळी रेघ दिसत होती, प्रवासी फोटो काढत होते आणि मी त्या मुलाचा विचार करत होते. आपल्या पाटीवरचे स्वप्न भिंतीवर लागलेले पाहून त्याला काय वाटले असेल?

कोणी म्हणेल, हे सगळे जुने झाले, आता काळ बदलला. तर त्यानंतर बरोबर ऐंशी वर्षांनी, २०१२ साली, स्कॉटलंडमधल्या एका नऊ वर्षांच्या मुलीने शाळेत मिळणाऱ्या जेवणाचे फोटो काढून ब्लॉगवर त्याला गुण द्यायला सुरुवात केली. लाखो लोक वाचू लागले आणि तिथल्या कौन्सिलने फोटो काढायलाच बंदी घातली. फरक एवढाच, की या वेळी लोक मुलीच्या बाजूने उठले आणि दुसऱ्या दिवशी बंदी मागे घ्यावी लागली. खिळे गेले, पडदा आला. पण मुलाने खरे लिहिले आणि ते चार लोकांनी वाचले की मोठ्यांच्या पोटात गोळा येतो तो येतोच.

सँ-पॉलजवळच व्हाँस आहे. सरकारी शाळेत थारा न उरलेल्या फ्रेनेने तेथल्या टेकडीवर १९३५ साली पत्नी एलीझ हिच्या साथीने स्वतःची शाळा काढली. स्पेनच्या यादवी युद्धातून आलेली निर्वासित मुलेही तेथे शिकली. १९४० साली त्याला नजरकैदेत टाकले, शाळा बंद पडली, युद्धानंतर पुन्हा उघडली. १९६६ साली तो वारला. ज्या सरकारने त्याला एका गावातून हलवले होते त्यानेच १९९१ साली ही शाळा विकत घेऊन चालवायला घेतली. सरकारला शहाणपण येते, फक्त जरा उशिरा! शाळा चालू असल्यामुळे मी ती रस्त्यावरूनच पाहिली. झाडी, उतारावरच्या बसक्या इमारती आणि पलीकडून येणारा मुलांचा कलकलाट. तो मात्र अगदी आपल्याकडच्यासारखा होता.

परतताना पाँ-दु-लू येथे थांबलो. येथे दरीवर रेल्वेचा कमानींचा भव्य पूल होता. १९४४ सालच्या ऑगस्टमध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने तो उडवला. नदीच्या दोन्ही काठांवर तुटके खांब अजून उभे आहेत. ते दाखवायला माझा बारा वर्षांचा भाचा फार उत्सुक होता, कारण त्याच्या वर्गाने याच पुलाचा नमुना केला होता. फ्रान्सच्या माध्यमिक शाळांत 'तंत्रज्ञान' हा विषयच असतो. यांनी संगणकावर आराखडा काढला, पुठ्ठ्याच्या कमानी केल्या, कोणती किती वजन पेलते ते पाहिले आणि रोजची हकीकत वर्गाच्या ब्लॉगवर लिहिली. उत्तरेकडच्या एका शाळेतला वर्ग ती वाचत होता.

"आत्या, त्यांनी विचारलं, पूल परत का नाही बांधला? आम्हांला कुणालाच माहीत नव्हतं."

"मग रे?"

"मग काय, आम्ही गावातल्या म्हाताऱ्यांना विचारलं. एक आजी म्हणाल्या, आगगाडी गेली नि बस आली, मग पूल कोणाला हवा होता? ते लिहिलं. माझी दोन वाक्यं होती. चार वेळा बदलली."

चार वेळा! माझ्या वर्गातल्या एम.ए.च्या मुलांपैकी कोणी स्वतःहून दोनदा बदललेले मला आठवत नाही. आणि त्यात त्यांचा दोष नाही. आपल्या मुलाने शाळेत लिहिलेले कोण वाचते? एक शिक्षक, तोही लाल पेन घेऊन. म्हणून तर दर वर्षी तीच फाटकी छत्री आपले तेच आत्मवृत्त सांगते आणि पावसाळ्यातला तोच दिवस तसाच रम्य उजाडतो. शाळेच्या हस्तलिखितात कधी कधी जीव असे. पण ते स्नेहसंमेलनात पाहुण्यांना दाखवून कपाटात जाई. आता आपल्या शाळांतही पडदे आले, फोन आले. जिल्हा परिषदेच्या कित्येक शिक्षकांनी हौसेने ब्लॉग चालवले आहेत. पण त्यांवर बहुधा शिक्षकांचे साहित्य आणि समारंभाचे फोटो असतात. मुलगा त्या फोटोत हार घेऊन उभा असतो, बोलत नसतो.

यंत्र कोणते हा प्रश्न मुळी मोठा नाही. बार-सुर-लूला खिळे होते, भाच्याच्या वर्गात संगणक आहे. दोन्हीकडे दूर कोणी तरी वाचणारे होते, म्हणून मुलांनी डोळे उघडून पाहिले. मेळघाटातल्या सातवीच्या वर्गाने आपल्या जंगलाविषयी लिहावे आणि मालवणच्या सातवीने ते वाचून प्रश्न विचारावेत, याला पैसा फार लागणार नाही. मुलांची नावे-पत्ते झाकून ठेवता येतात, वाचणारे निवडता येतात.

लागणार आहे ती दुसरीच गोष्ट. एखादा मुलगा लिहील, की आमच्या शाळेच्या नळाला पाणी नाही. ते खरे असेल. त्या दिवशी फोन खणखणेल, कोणी तरी विचारील, हे कोणी छापू दिले? तेव्हा मुलाला मागे घेऊन पुढे उभा राहणारा एक मास्तर लागेल. छाती अधू असली तरी चालेल.