एक गोष्ट कानावर घालते



आज एक गोष्ट तुमच्या कानावर घालायची आहे, आणि ती कानाचीच आहे.

गेल्या वर्षी दशलक्षण पर्वात आमच्या महिला मंडळाची भजनं होती. सभागृहात आवाजाचा मिक्सर आहे. चटणीचा नव्हे, माईक जोडायचा. तो सांभाळणारा मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला, तेव्हा "तुम्ही बी.कॉम. आहात, तुम्हाला जमेल" असं म्हणून सगळ्याजणींनी मला त्या खुर्चीवर बसवलं. मोबाईलबरोबर मिळालेले इअरफोन कानात घालून मी बसले.

आमच्यात एक अक्का आहेत, वय ८२. जुन्या चाली त्यांच्याइतक्या कोणालाच येत नाहीत. त्या दिवशी त्यांनी भजन सुरू केलं, ढोलकी वाजली, मागच्या बायकांनी साथ धरली. मला वाटलं, सगळं ठीक आहे. पण अक्कांचा माईक बंदच होता. पुढच्या रांगेत कुजबुज सुरू झाली तरी मला काही कळलं नाही. अक्का खाली उतरल्या आणि म्हणाल्या, "आवाजच राहिला नाही गं आता माझा. पुढच्या वेळी मला धरू नका."

नंतर बघितलं तर माईकची वायर मिक्सरपाशी सैल झालेली. संध्याकाळी घरी जाऊन त्यांना सांगितलं. त्या हसल्या. "माझं मन राखायला सांगतेस." दुसऱ्या दिवसापासून त्या मागे भिंतीला टेकून नुसत्या ऐकत बसल्या. मला मात्र रात्री झोप लागेना. चूक माझी आणि दोष त्यांच्या वयाला.

माझा भाचा कोल्हापूरला साउंडचं काम करतो. त्याला फोन केला. तो म्हणाला, "मावशी, मिक्सरवर प्रत्येक माईकखाली पीएफएल नावाचं बटण असेल. ते दाबलं की तेवढा एकच माईक हेडफोनमध्ये ऐकू येतो, त्याची पट्टी खाली असली तरी. हेडफोन त्यासाठी असतो."

मला हे लगेच पटलं. तेरीज जुळली तरी एखादी नोंद राहून गेलेली असू शकते. म्हणून पावत्या एकेक करून बघाव्या लागतात. सभागृहातला एकूण आवाज म्हणजे तेरीज, आणि पीएफएल म्हणजे एकेक पावती.

मग हेडफोन बघायला लागले. काय बघायचं ते क्रमाने सांगते.

पहिलं, पाठ बंद हवी. सेनहायझरचा एचडी ६०० नावाजलेला आहे, पण त्याची पाठ उघडी असते. घरी शांततेत गाणी ऐकायला छान, ढोलकीसमोर निरुपयोगी, कारण बाहेरचं सगळं आत येतं. बंद पाठीचा हेडफोन बाहेरचा गलका अडवतो, म्हणून आवाज फार वाढवावा लागत नाही.

दुसरं, ओहम. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहममध्ये मिळतो. लहान मिक्सरवर २५० ओहमचा मंद वाजू शकतो. सोनीचा एमडीआर-७५०६ हा ६३ ओहमचा आहे, सेनहायझरचा एचडी २५ हा ७० चा. हे आपल्यासारख्यांच्या मिक्सरला झेपतात.

तिसरं, वायरचाच घ्यावा. ब्लूटूथमध्ये आवाज किंचित उशिरा पोचतो. अक्कांचे ओठ आधी हलणार आणि सूर मागून येणार, तर तपासायचं काय? मिक्सरचं भोक जाड पिनेचं असतं, तेव्हा तशी पिन किंवा जोड बरोबर आहे ना, तेही बघावं.

चौथं आपल्या घरचं. मी दुकानदाराला विचारलं, "गाद्या चामड्याच्या आहेत का?" तो बघतच राहिला. बहुतेक ठिकाणी कृत्रिम चामडं किंवा मखमल असते, पण विचारून घ्यावं. आणि गाद्या बदलून मिळतात ना, हेही विचारावं. केसांचं तेल आणि घाम त्यांना टिकू देत नाही.

मी सोनीचा ७५०६ निवडला. घडी होते, वायर स्प्रिंगसारखी असल्यामुळे पायात येत नाही. खजिनदार म्हणाले, "फुकटचे इअरफोन असताना एवढा खर्च?" मी अक्कांची हकीकत सांगितली. त्यांनी मुकाट्याने सही केली.

हेडफोन आल्यावर मी एक नवीन चूक केली. त्यात ढोलकी बारीक वाटली म्हणून वाढवली, आणि सभागृहात बायकांनी कानावर हात ठेवले. ढोलकी मुळातच मोठी. लोकांना ती स्पीकरशिवायही ऐकू येते. हेडफोनमध्ये मात्र फक्त माईकमधून आलेली. म्हणून कोणाचा आवाज किती ठेवायचा ते उघड्या कानांनी, लोकांमध्ये जाऊन ठरवायचं. हेडफोन फक्त तपासणीला, आणि तोही हळू आवाजात. ८५ डेसिबल आवाज ८ तास सोसता येतो असं धरतात, पण दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं उरतात. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही, मुलींनो.

यंदा पर्वाच्या आठवडाभर आधी, दुपारी सभागृह रिकामं असताना मी अक्कांना घेऊन गेले. त्यांच्या अंबाड्यावरून जपून हेडफोन बसवला, हातात माईक दिला. "म्हणा काहीतरी." त्यांनी दोन ओळी म्हटल्या आणि दचकल्या. "हा माझा?"

"तुमचाच. आता म्हणत राहा." मी वायर थोडी ओढली.

त्या गात होत्या आणि त्यांनाच काही ऐकू येईना. त्या थांबल्या. माझ्या हातातल्या वायरकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"म्हणजे तेव्हा खरंच वायर होती?"

"खरंच होती, अक्का. आणि मला कळायला हवं होतं. माझं चुकलं."

त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग हेडफोन काढून माझ्या हातात दिला. "वायर घट्ट बसव आधी. आणि पाणी दे. दुसरं कडवं जरा खालच्या सुरात घ्यावं लागेल मला."

यंदा त्या गायल्या. सुरू करण्याआधी त्यांनी मिक्सरकडे बघितलं. मी बटण दाबलं. त्यांच्या बांगड्यांची किणकिण आणि श्वास स्वच्छ ऐकू आला. मी मान हलवली, तेव्हाच त्यांनी सूर लावला.