खानावळीतली गव्हाची खीर

सांगलीच्या पेठेत हळद नाहीतर गूळ घेऊन गेलेल्या आमच्या भागातल्या शेतकऱ्याचं दुपारचं जेवण एका खानावळीत ठरलेलं असे. झुणका, आमटी, भाकरी आणि गुरुवारी खपली गव्हाची खीर. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचा महापूर पेठेत शिरला. खानावळीतली भांडी, धान्याची पोती, चुली सगळं चिखलात गेलं. मालकीणबाई थकल्या होत्या. त्यांनी ती पुन्हा उघडली नाही. झुणका-आमटीला काय, दुसरीकडे जाता येतं. खीर मात्र तिथंच संपली.

आमच्या मामंजींना या खिरीची आठवण झाली ती अंथरुणावर. वय ८४. श्रावणात न्हाणीत पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं. हाड सांधलं, पण अन्नावरची वासना उडाली ती उडालीच. दोन घास घेतले की तोंड फिरवायचे. पेज झाली, मऊ भात झाला, शिरा झाला. दसऱ्याच्या सुमाराला एकदा आपणहून म्हणाले, "पेठंतली खीर मिळंल का गं?" तीन महिन्यांत त्यांनी मागितलेला हा पहिला पदार्थ.

घरात लापशीचा रवा होता, त्याची खीर केली. एक चमचा खाऊन म्हणाले, "चांगली झालीया पोरी, पण ही ती न्हवं." मग आठवून आठवून सांगायला लागले. दाणा अख्खा दिसायचा, पण जिभेनं दाबला की विरघळायचा. रंग तांबूस, दाताखाली बडीशेप, वरून गार दूध आणि तूप. आणि दाणा लांबोडका. जन्मभर शेती केलेला माणूस. चवीआधी त्यांना दाणा आठवला.

लांबोडका दाणा म्हणजे खपली. आमच्या कृष्णाकाठी पूर्वी घरोघरी असायची. १९६६ साली सरकारनं मेक्सिकोहून १८ हजार टन गव्हाचं बी आणलं, पुढं कल्याणसोना आणि सोनालिका आले. ठेंगणे, खताला मानवणारे, भरघोस उतारा देणारे. त्यांच्यापुढं उंच वाढून लोळणारी खपली मागं पडली. पाणी आलं तसा ऊस आला, मग तर गहूच मागं पडला. खपलीचं आणखी एक दुखणं असं, की मळली तरी दाणा टरफलातून सुटत नाही. तो वेगळा कांडावा लागतो. तेवढा वेळ कुणाला आहे? तांबेऱ्याला मात्र ती सहसा दाद देत नाही. आता शहरात मधुमेहाच्या धास्तीनं तिला पुन्हा गिऱ्हाईक आलंय. (खपली झाली तरी गहूच, त्यात गूळ घातल्यावर तिला औषध समजू नये.) पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं एमएसीएस २९७१ हा बुटका वाण काढला, धारवाडच्या कृषी विद्यापीठाचे डीडीके वाण आहेत. शेजारच्या गावात एकजण घरापुरती जुनी खपली अजून पेरतो. त्याच्याकडून टरफलासकट दोन पायल्या आणल्या.

गिरणीतून टरफल काढून आणलं, गहू रात्रभर भिजवला, शिजवला. चव जवळ आली, पण दाणा चिवटच राहिला. मामंजींनी अर्धी वाटी खाल्ली. म्हणजे वाट बरोबर होती.

तेव्हा मालकीणबाईंचं घर शोधून गेले. काकू ओट्यावर जपमाळ घेऊन बसल्या होत्या. मी आल्याचं कारण सांगितलं तर त्या हसल्या. "अगं, आमटीचा मसाला विचार, झुणका विचार. खीर माझ्या हातची नव्हतीच कधी." खीर करायची ती त्यांच्याकडे कांडणं-दळणं करणारी मावशी. तीस वर्षं. आता ती मिरजेला लेकीकडं असते, एवढं कळलं. इतकी वर्षं नाव झालं खानावळीचं, हात मात्र मागच्या पडवीतल्या बाईचा.

मिरजेच्या बसनं गेले. मावशींना नीट दिसत नाही, पण आवाज खणखणीत. मी गहू कसा केला ते सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सडलास का?"

टरफल निघालं म्हणजे गहू खिरीला तयार झाला असं नव्हे, हे तिथं कळलं. टरफलाखाली दाण्याची स्वतःची साल असते, ती गिरणी तशीच ठेवते. तीच दाण्याला चिवट करते. गव्हावर पाण्याचा हबका मारायचा, चोळून फडक्याखाली अर्धा तास झाकायचा, मग उखळात हलक्या हातानं सडायचा. जोर केला तर दाणा फुटतो. साल सुटली की उन्हात वाळवून पाखडायचा. पांढरट, गुळगुळीत दाणा दिसला पाहिजे.

पुढचं सोपं आहे. पाव किलो सडलेला गहू आठ-दहा तास भिजवावा. त्यात मूठभर तांदूळ घालून भरपूर पाण्यात शिजवावा. खानावळीत रात्रीची जेवणं उरकली की पातेलं निखाऱ्यावर ठेवत, पहाटेपर्यंत. आपण कुकर वापरावा, आठ-दहा शिट्ट्या झाल्यावर आच मंद करून अर्धा तास. दाणा पुरता उमलल्याशिवाय गुळाला हात लावायचा नाही, कारण गूळ पडला की दाणा पुढं मऊ होत नाही. गूळ गव्हाइतकाच, पिवळाधमक नको, काळसर घ्यावा. मग अर्ध्या नारळाचा चव, भाजलेली खसखस, चमचाभर कुटलेली बडीशेप, सुंठ, जायफळ आणि चिमूटभर मीठ. दूध पातेल्यात कधीच घालायचं नाही. गरम गुळाशी गाठ पडली की नासतं. ते ताटात, वरून.

आमचं उखळ गोठ्यात उपडं पडलं होतं. धुऊन घेतलं. मुसळ शेजारच्या आत्यांकडं मिळालं. दोन दिवस मी आणि जाऊबाई आळीपाळीनं सडत होतो, दंड भरून आले. मामंजी खाटेवरून आवाज ऐकत होते. "हलक्या हातानं," असं त्यांनीही दोनदा सांगितलं, म्हणजे हे त्यांनाही ठाऊक होतं. आम्ही कधी विचारलंच नव्हतं एवढंच.

खीर वाढली. पहिला घास त्यांनी बराच वेळ तोंडात धरला. बोलले काही नाहीत. दीड वाटी संपवली आणि पाणी प्यायल्यावर विचारलं, "टरफलातलं बी ऱ्हायलंय का?"

पायलीभर राहिलं होतं. खपलीचं बी टरफलासकटच पेरतात. कार्तिकात विहिरीकडेच्या चार गुंठ्यांत, उसाचा खोडवा काढून मोकळ्या झालेल्या जागेत, ते पेरलं. मामंजींना खुर्चीवर बसवून बांधापर्यंत नेलं होतं. दोन ओळींत अंतर किती ठेवायचं यावरून ते मुलाशी भांडले. आता भाकरी खातात, अर्धी का होईना.

मिरजेला एक डबा पोचवला. मावशींनी झाकण काढून वास घेतला, बोटानं दाणा दाबून पाहिला आणि म्हणाल्या, "दूध येगळं आणलंस न्हवं?"