अब्बांचा हात

माझे अब्बा मालेगावात एका डाईंगमध्ये कामाला होते. एकदा घाईत त्यांनी कॉस्टिक सोड्यावरच पाणी ओतलं. ते उसळून हातावर आलं. अम्मीने हळद लावली. पिंपावर सूचना होती, पण इंग्रजीत. अब्बांना फक्त उर्दू वाचता येई.

बी.एड. करून मी उर्दू शाळेत विज्ञान शिकवू लागले. दरवर्षी मुलांना सांगते : सोडा थंड पाण्यात थोडा थोडा टाकायचा, सोड्यावर पाणी कधीच नाही. अंगावर उडालाच, तर आधी वाहतं पाणी, निदान १५-२० मिनिटं. हळद नाही, तेल नाही. मग फळ्यावर चित्र काढते : थेंब पडून झिजणारा हात. हे चित्र वाचायला भाषा लागत नाही.

परवा एक मुलगा म्हणाला, "टीचर, भाईच्या कारखान्यात पिंपावर हेच चित्र आहे. त्याने हातमोजे मागितले, तर सेठ म्हणाला, पगारातून कापीन."

मोजे देणं मालकाचंच काम. पण त्या मुलाला काय सांगावं, मला सुचेना. घरी अब्बांना विचारलं. आपल्या हाताकडे बघत ते म्हणाले, "बेटी, सध्या पगार कापू दे म्हणावं. भांडण नंतरही करता येतं. हात नंतर मिळत नाही."